रुपयाभार चांदी

माझ्या पणजीने पौंड कधी पाहिला नाही. शिलिंग आणि पेन्स हे शब्दही तिच्या कानावर पडले नसणार. पवन मावळातल्या एका वाडीत ती नांदली, आंबेमोहोराची लावणी करता करता म्हातारी झाली. लांबचा प्रवास म्हणजे आळंदी, आणि एकदा पंढरपूर. पण रुपया आणि पौंड यांचा आपसातला भाव सरकारने बांधून टाकला, तेव्हा त्याची किंमत तिने मोजली. तिच्या गळ्यातली चांदीची सरी त्या भावात गेली.

ही हकिगत मला आजीने सांगितली, आणि आजीला तिच्या सासूने, म्हणजे खुद्द पणजीने. आजी गोष्ट सांगायला बसली तरी हातातलं काम थांबत नसे. तांदूळ निवडता निवडता सांगायची, आणि पैशाचा आकडा आला की सुपातले दाणे बोटाने बाजूला सारून मोजून दाखवायची. वीस दाणे एकीकडे, तेरा दाणे दुसरीकडे. मधले सात कुठे गेले, ते तिला कुणी कधी नीट सांगितलं नव्हतं.

सरी पणजीच्या लग्नातली, १८८० च्या सुमाराची. तेव्हा खेड्यात चांदीचा दागिना करायची रीत साधी होती. घरातले रुपये सोनाराकडे न्यायचे, तो तेच आटवून दागिना घडवायचा, घडणावळ वेगळी घ्यायची. रुपया वजनाला बरोबर एक तोळा आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, त्यामुळे वजनाचा किंवा कसाचा वाद नसे. पणजीच्या वडिलांनी वीस रुपये दिले आणि वीस तोळ्यांची सरी झाली. मुलीच्या गळ्यात घातलेले हे वीस रुपयेच होते. अडीअडचणीला मोडले की पुन्हा वीस हाती यायचे, असा त्या माणसाचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. शेकडो गावांतले बाप तोच हिशेब धरून लेकींची लग्नं लावत होते.

अडचण आली ती १८९९ साली. देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ होता, आणि मावळातही त्या वर्षी भात भरलं नाही, असं आजी सांगे. त्यात घरचा एक बैल बसला. पणजी नवऱ्यासोबत तळेगावच्या पेठेत सराफाकडे गेली. सराफाने तराजूच्या एका पारड्यात सरी ठेवली, दुसऱ्यात रुपये टाकत गेला. वीस रुपयांना काटा मध्यावर आला. मग त्याने पारड्यातले रुपये परत गल्ल्यात टाकले आणि तिच्या हातावर तेरा रुपये मोजले.

पणजी म्हणाली, “आवं, ह्यो रुपया नि त्यो बी रुपयाच. बापानं रुपयंच आटवल्यात माज्या.”

सराफ म्हणाला, “बाई, या रुपयांवर राणीचा छाप आहे. तुमच्या सरीवर नाही.”

सराफाने तिला फसवलं नव्हतं. त्या दिवसांत रुपयाभार चांदीला दहा-अकरा आण्यांच्या वर कुठल्याच पेठेत मिळत नव्हतं. पुढे मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, आणि चलनाचा धडा आला की मला दरवेळी ही तराजूची दोन पारडी आठवायची. काटा मध्यावर असताना एका पारड्यात वीस रुपये आणि दुसऱ्यात तेरा, हे कसं झालं?

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सगळ्या मुलखाला एक रुपया दिला. त्याआधी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, हळी सिक्का अशी नाना नाणी चालत, आणि पेठेपेठेत त्यांचा बट्टा वेगळा. नव्या रुपयाची टांकसाळ सगळ्यांना खुली होती. कुणीही चांदी घेऊन जावं आणि थोडी टांकणावळ देऊन रुपये पाडून घ्यावेत. त्यामुळे रुपया आणि रुपयाभार चांदी यांत अंतर पडायला जागाच नव्हती. विलायतेत बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड; तिथे तो रुपया सुमारे दोन शिलिंगांना, म्हणजे दहा रुपयांना एक पौंड, असा बरीच वर्षं चालला.

१८७१ नंतर जर्मनीने चांदीचं चलन सोडून सोन्याचं धरलं, इतर देशही त्या वाटेला लागले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी निघाल्या, आणि जगात चांदी स्वस्त होत गेली. चांदीबरोबर रुपया उतरला. १८९२ पर्यंत तो सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. शेतकऱ्याच्या व्यवहारात त्याने मोठं काही बिघडलं नव्हतं. परदेशी जाणाऱ्या गव्हाला, कापसाला उलट बरा भाव येत होता. बिघडलं ते सरकारचं. गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, फौजेचा खर्च, कर्जावरचं आणि रेल्वेच्या भांडवलावरचं व्याज यांपायी हिंदुस्थान सरकारला दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम लंडनला भरावी लागे. दोन शिलिंगांच्या रुपयात दीड कोटी पौंड म्हणजे पंधरा कोटी रुपये. सव्वा शिलिंगाच्या रुपयात तेच चोवीस कोटी. रक्कम तीच, देणारा तोच, आणि बोजा दीडपटीहून जास्त.

हर्शेल कमिटीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. आता रुपये सरकारच पाडणार, आणि हात आखडून पाडणार. रुपयाची टंचाई झाली तसा तो वर चढला, आणि १८९८ च्या सुमाराला १ शिलिंग ४ पेन्सवर येऊन ठेपला. पुढच्या साली पंधरा रुपयांना एक सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचा पौंड, हे कायद्याने पक्कं झालं. चांदी मात्र उतरतच राहिली, कारण तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे आपल्या टांकसाळी, बाजारातून उठलं होतं. शतकाच्या अखेरीला रुपया सोळा पेन्सचा, आणि त्याच्या पोटातली चांदी जेमतेम दहा पेन्सची. आजीच्या सुपातले सात दाणे इथे गेले.

मला या कायद्यातलं सगळ्यात क्रूर काय वाटतं, तर त्याचा गाजावाजा झाला नाही. शेतसारा वाढवला असता तर गावोगाव बोंब उठली असती, मामलेदाराच्या कचेरीपुढे माणसं बसली असती. इथे कुणाच्या घरी जप्ती आली नाही. बायकांच्या पायांतले वाळे, दंडातल्या वाक्या, गळ्यातल्या सऱ्या जिथल्या तिथे राहिल्या, फक्त त्यांचं मोल अंगावरच्या अंगावर उतरलं. आणि ते कळलं दुष्काळाच्या साली, सराफाच्या दुकानात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावर केलेल्या भाषणात याच्या दुसऱ्या बाजूवर बोट ठेवलं. दुष्काळातही सरकारच्या तिजोरीत शिल्लक कशी पडते? तर रुपया उतरलेला असताना त्या तोट्यापायी जे कर वाढवले, ते रुपया चढल्यावरही तसेच वसूल होत आहेत, म्हणून. ते भाषण वाचताना मला आपल्या वाडीतली माणसं त्यात दिसतात, जरी गोखल्यांनी त्यांचं नाव घेतलेलं नाही.

त्या पंधराच्या भावात एक सोय मात्र होती, आणि ती लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत पोराटोराला ठाऊक होती. रुपयाचे आणे सोळा, आणि रुपयाचे पेन्सही सोळा. आण्याला पेनी. माझे आजोबा लोणावळ्याच्या लोको शेडमध्ये लागले तेव्हा त्यांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण साहेब ड्रायव्हर एखाद्या वस्तूची विलायतेतली किंमत पेन्समध्ये बोलला की ती इथे किती आण्यांना पडेल, हे ते झटक्यात सांगत.

आजोबांच्या गोष्टी घाटाच्या असत. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गाडी चढली. पंचवीस बोगदे. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक माणसं या कड्यांवर खपत होती. पटकीने किती मेली त्याची मोजदाद गावांच्या आठवणीत नाही, फक्त ‘घाटात गेला’ एवढंच कुळकथेत उरतं. आमच्या घरातलाही एक जण असाच गेलेला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. आजोबा तिला ‘घाटाची मडम’ म्हणत, आणि आदराने म्हणत. शिंग्रोबाची गोष्ट तर ठरलेलीच. धनगराने साहेबाला घाटातली वाट दाखवली, साहेब म्हणाला बक्षीस माग, हा म्हणाला आमचा मुलूख आम्हाला परत दे, आणि गोळी घातली गेली, असं सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. वरखाली जाणारे ड्रायव्हर अजून गाडीचा वेग कमी करून तिथे नाणं टाकतात.

आजोबांना जे ठाऊक नव्हतं ते मला पुढे कागदांत सापडलं. या घाटाला लागलेला पैसा लंडनमध्ये भागभांडवल म्हणून उभा राहिला होता, आणि त्यावर पाच टक्के व्याजाची हमी आपल्या सरकारने दिली होती. करारात रुपयाचा भावही लिहून ठेवला होता: १ शिलिंग १० पेन्स. कंपनीने इथे कमावलेला प्रत्येक रुपया व्याजाच्या हिशेबात बावीस पेन्सचा धरायचा. लिहिलं तेव्हा बाजारात रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पुढे बाजारात तो पंधरा पेन्सवर उतरला, तरी करारातला रुपया बावीस पेन्सचाच. मधल्या सात पेन्सची खोट सरकारी तिजोरी भरत राहिली, म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर भरणारी माणसं भरत राहिली. १९०० मध्ये सरकारने ती रेल्वे विकत घेईपर्यंत हे चाललं. ज्यांच्या घरातली माणसं बोगद्यात गेली, त्यांच्याच खिशातून लंडनच्या भागधारकाचं व्याज भागत होतं.

परका पैसा घाट चढून मावळात येण्याची ही पहिली खेप नव्हती. कार्ल्याच्या चैत्यात खांबाखांबांवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. त्याच चैत्यात उषवदाताचा, नहपान क्षत्रपाच्या जावयाचा लेख आहे. त्याने वलुरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव दान दिलं. याच उषवदाताचा नाशिकच्या लेण्यातला लेख तर मला आपल्या मुलखातला सगळ्यात जुना विनिमयाचा कागद वाटतो, दगडावरचा असला तरी. त्यात म्हटलं आहे की दोन हजार सुवर्ण दिले, दर सुवर्णाला पस्तीस कार्षापण या भावाने सत्तर हजार कार्षापण. सोन्याचं नाणं, चांदीचं नाणं आणि त्यांच्यातला भाव, तिन्ही शिलालेखात. त्याच सुमाराच्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदीत आहे की भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी आणली तर इथल्या पैशाशी बदलताना नफा होतो. एकवीरेला कोंबडं घेऊन चढणारी आमची माणसं त्या खांबांना हात लावून जातात. मी विद्यार्थ्यांना तिथे नेलं की उषवदाताचा भाव सांगायचो, कारण त्या माणसाने तो चारचौघांना दिसेल असा लिहून ठेवला होता. पणजीला तिचा भाव कुणी दाखवला नव्हता.

पहिल्या महायुद्धात सगळं उलटं फिरलं. चांदी महाग झाली, इतकी की रुपयाच्या पोटातली चांदी रुपयाहून मोलाची होऊ लागली आणि लोक रुपये आटवू लागले. सरकारने १९१७ च्या अखेरीला एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी विकत घ्यावी लागली. रुपयाचा भाव चढत चढत फेब्रुवारी १९२० मध्ये पावणेतीन शिलिंगांच्याही वर गेला. आजोबा तेव्हा फायरमन होते. त्यांचा ड्रायव्हर दर महिन्याला विलायतेत आईला पाच पौंड धाडायचा. पूर्वी त्याचे पंच्याहत्तर रुपये लागत, आता सदतीसच्या आत भागू लागलं. आजोबा सांगत, त्या दोन-तीन महिन्यांत साहेब इंजिनावर गाणी म्हणायचा, आणि पगाराच्या दिवशी शेडमधल्या पोरांना केळी वाटायचा. का, ते कुणालाच कळेना.

सरकारने रुपया दोन शिलिंग सोन्यावर टेकवायचा घाट घातला आणि तो टिकवण्यासाठी लंडनमधले आपले पाच कोटींहून अधिक पौंड स्वस्तात विकून टाकले. रुपया टिकला नाहीच. १९२१ च्या सुरुवातीला तो १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली आला. चढत्या भावात माल मागवलेले मुंबईचे व्यापारी बिलं आली तेव्हा बुडाले. धक्क्यावर पडलेला माल सोडवून घ्यायला तयार होईनात. इंजिनावरची गाणी आणि केळी, दोन्ही बंद झाली.

त्याच वर्षांत लंडनमध्ये एक विद्यार्थी या सगळ्या घोळाची मुळं खणत बसला होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तक होऊन आला. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची, आणि तिच्यात गुरूने आपला मतभेदही मोकळेपणाने नोंदवलेला. पुढे बाबासाहेबांनी तळेगाव दाभाड्याला बंगला घेतला, १९५४ च्या डिसेंबरात देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली; मावळातल्या माणसाला त्यांच्याशी असलेलं हे नातं सांगताना ऊर भरून येतो. मला त्यात आणखी एक जोड द्यावीशी वाटते. पणजीच्या सात रुपयांचं पूर्ण उत्तर मला पहिल्यांदा मिळालं ते या पुस्तकात. टांकसाळी बंद करून सरकारने रुपयाला आपल्या मर्जीवर कसं आणलं, हे त्यांनी पायरीपायरीने मांडलं आहे, आणि केन्ससारख्या नामवंतालाही सोडलेलं नाही.

१९२६ मध्ये हिल्टन यंग कमिशनने १ शिलिंग ६ पेन्सचा भाव सुचवला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्स मागितला. चढ्या रुपयाने शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडतो, परदेशी माल स्वस्त होऊन इथल्या गिरण्या मरतात, हा मुद्दा. १९२७ ला कायदा झाला तो अठरा पेन्सचा. गांधीजींनी ३० जानेवारी १९३० रोजी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत दारूबंदीच्या पाठोपाठ १ शिलिंग ४ पेन्सची मागणी होती. मिठाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ही फार थोड्यांना.

मी शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे ओढा सोळा पेन्सकडे. पण बाबासाहेबांचं म्हणणं मला तिथे अडवतं. भाव उतरला की निर्यात करणाऱ्याला जे मिळतं ते आभाळातून पडत नाही. महागाई वाढते, मजुरी मागे राहते, आणि एका वर्गाचा नफा दुसऱ्या वर्गाच्या ताटातून येतो. त्यामुळे रुपया चढावा की उतरावा असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, कुणासाठी? स्वतःचं शेत असलेली पणजी आणि तिच्या बांधावर लावणीला येणारी कातकरी बाई यांचं उत्तर एक नसतं.

२१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडने सोनं सोडलं. पौंड घसरला, आणि अठरा पेन्सच्या दाव्याने पौंडाला बांधलेला रुपयाही त्याच्यासोबत घसरला. कायद्याने सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. आता तो पंचवीस, तीस असा चढत गेला. जगभर मंदी होती. भाताला निम्माही भाव नाही, सावकाराचं व्याज आणि सारा मात्र जुन्या दराने. आजोबांच्या बहिणीने तेव्हा कामशेतला पुतळ्यांची माळ मोडली. ही हकिगत ती स्वतः मला सांगायची. दुकानात बायकांची रांग होती, आणि प्रत्येकीच्या हातात पदराची गाठ. सराफाने त्या दिवशी चांगला भाव दिला, असं ती म्हणे. तिला वाईट त्याचं वाटायचं नाही. तिला आठवायचा तो सराफाचा पोरगा, जो पुतळ्या दोऱ्यातून काढून एकेक कातरीत धरून चेपत होता, पुन्हा कुणी त्यांची माळ करू नये म्हणून. ते सोनं मुंबईला गेलं आणि तिथून बोटीने लंडनला. पुढच्या काही वर्षांत देशातून बाहेर गेलेलं सोनं तीनशे कोटी रुपयांच्या घरात जातं. त्या पैशातून सरकारचं लंडनचं देणं बिनबोभाट फिटलं. सरकारी अहवालांत त्याला हिंदुस्थानची सुबत्ता असंही म्हटलं गेलं.

तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यालाही भावाचा फटका माहीत होता. अंताजी दामोदर काळ्यांनी दरसाल माणशी एक पैसा गोळा करून फंड उभारला, टिळकांनी पाठ थोपटली, जपानला जाऊन काचकाम शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय आले, आणि १९०८ ला भट्टी पेटली. देशातल्या साध्या माणसांच्या पैशापैशावर उभा राहिलेला तो कारखाना होता. १९३१ च्या डिसेंबरात जपाननेही सोनं सोडलं. वर्षभरात येनचा डॉलरमधला भाव निम्म्याहून खाली आला आणि जपानी काच, जपानी कापड आपल्या बाजारात पाण्याच्या भावाने आलं. जपानकडून शिकून आणलेल्या कसबाला जपानी मालाशीच तोंड द्यावं लागलं, आणि भट्टीवर फुंकणी धरणाऱ्याने कितीही घाम गाळला तरी येनच्या घसरणीची भरपाई त्याच्या छातीत नव्हती.

स्वातंत्र्यानंतरचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकांत भरपूर आहे. १९४९ च्या सप्टेंबरात पौंडामागोमाग रुपयाही डॉलरपुढे उतरला, ४ रुपये ७६ पैशांवर. ६ जून १९६६ ला तो साडेसात झाला. मी शाळेत होतो. वडिलांचा मावसभाऊ अमेरिकेत शिकत होता. एका रात्रीत त्याच्या हजार डॉलरच्या फीचे ४,७६० रुपयांऐवजी साडेसात हजार झाले, आणि घरातल्या मोठ्यांनी ओटीवर बसून कर्जाचं बोलणं केलं. १९९१ च्या जुलैत १ तारखेला आणि ३ तारखेला रुपया पुन्हा उतरवला, आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं. आजोबांची बहीण तेव्हा नव्वदीच्या घरात होती. पेपरातली बातमी मी तिला वाचून दाखवली. तिने एकच विचारलं, “सोडवून आनतील ना रं?” सोनं मोडणं आणि गहाण ठेवणं यांतला फरक तिच्याइतका कुणाला कळत असणार? सोडवलं, हे मी तिला सांगू शकलो. १९९३ च्या मार्चपासून रुपयाचा भाव बाजारावर सोडला.

आता आमच्या घरात पौंडाची गोष्ट सांगायला म्हाताऱ्यांची गरज नाही. पुतण्याचं पवन मावळात गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. जानेवारीच्या अखेरीपासून १४ फेब्रुवारीच्या आधीपर्यंत घरात कुणाला झोप नसते. पहाटे कटिंग, बादल्यांत फुलं, कोल्ड रूम, मग लांबीप्रमाणे ग्रेडिंग, वीस फुलांचा एक बंच, आणि खोकी मुंबईच्या विमानतळाकडे. माल इंग्लंडला, हॉलंडला जातो. बिल पौंडांत किंवा युरोत. पैसे येतात पुढे कित्येक आठवड्यांनी, आणि मधल्या दिवसांत भाव कुठे जाईल हे पवनेच्या पाण्यालाही ठाऊक नाही. रुपया उतरला तर त्याला फुलामागे चार पैसे जास्त. पण रोपांची रॉयल्टी परदेशी कंपनीला युरोत द्यायची असते, खतं आणि वरचा कागद महागतो. तो कटिंगला जाण्याआधी मोबाईलवर भाव बघतो. आजोबांच्या शेडमध्ये भावाची खबर एकट्या साहेबाला होती. ती आता चिखलातले बूट चढवताना याच्या हातात असते, हे मला मोठं वाटतं. गेल्या हंगामात त्याने निम्म्या रकमेचा भाव बँकेकडे आधीच बांधून घेतला आणि निम्मी मोकळी ठेवली. शहाणपणाचंच केलं.

ग्रेडिंगच्या टेबलावर वाडीतल्याच बायका असतात. काटे काढायचे, पानं साफ करायची, लांबी मापायची, दिवसभर उभ्याने. त्या मोसमात पौंड चांगला चढला होता आणि पुतण्या फोनवर एजंटाशी तेच बोलत होता. टेबलापलीकडून एक बाई म्हणाली, “दादा, पौंड वाढला म्हंता. मग आमची हजेरी?”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. संध्याकाळी वही घेऊन बसला, रॉयल्टी, खोकी, विमानाचं भाडं सगळं मांडून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत तीस रुपये वाढवले. पौंड उतरला तर काय, असं तिने लगेच विचारलं. वाढलेली हजेरी मागे घ्यायची नाही, एवढं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि तिने ते त्याला वहीत लिहायला लावलं.